फ्रेदेरिक बास्तिया: चित्रात न दिसणाऱ्या माणसाची बाजू

म्युग्रों हे फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, अदूर नदीकाठचं छोटं गाव. तिथली शिकलीसवरलेली मंडळी एका क्लबात जमून वर्तमानपत्रं वाचत आणि राजकारणावर वाद घालत. १८४० च्या थोडं पुढची गोष्ट. इंग्रजांचा मनापासून राग असलेल्या एका सभासदाने हातातलं वर्तमानपत्र फ्रेदेरिक बास्तिया या चाळिशीतल्या जमीनदारापुढे धरलं. तुमचे लाडके इंग्रज आपल्याबद्दल काय बोलतात ते वाचा, म्हणाला. ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या पार्लमेंटमधल्या भाषणाचा तो फ्रेंच अनुवाद होता. अमुक धोरण स्वीकारलं तर आपला देश ‘फ्रान्सप्रमाणे’ अगदी खालच्या पायरीवर जाईल, असं पील म्हणाल्याचं त्यात छापलं होतं.

बास्तियाला ते पटेना. पंतप्रधान भर सभागृहात शेजारच्या देशाबद्दल असं कशाला बोलेल? त्याने पॅरिसला पत्र पाठवून ‘ग्लोब अँड ट्रॅव्हलर’ या लंडनच्या वर्तमानपत्राची वर्गणी भरली आणि इंग्रजी वृत्तान्त मिळवून वाचला. त्यात ‘फ्रान्सप्रमाणे’ हा शब्दच नव्हता. तो अनुवादात पदरचा घातलेला होता.

वर्गणी भरलेलीच होती म्हणून तो पुढचे अंकही वाचत राहिला आणि त्याला दुसरा धक्का बसला. इंग्लंडमध्ये परदेशी धान्यावरच्या जाचक करांविरुद्ध, म्हणजे ‘कॉर्न लॉज’विरुद्ध, प्रचंड चळवळ उभी राहिली होती. मँचेस्टरचा कापड व्यावसायिक रिचर्ड कॉब्डेन गावोगाव सभा घेत होता. जमीनदारांच्या फायद्यासाठी गरिबांची भाकरी महाग ठेवू नका, ही त्याची मागणी होती. एवढी मोठी घटना शेजारच्या देशात घडत असताना फ्रेंच वर्तमानपत्रांत तिचा जवळपास मागमूस नव्हता. बास्तियाच्या लक्षात आलं की आपल्याला जे वाचायला दिलं जातं त्यात एक शब्द जास्तीचा आहे आणि एक अख्खी चळवळ गायब आहे. पुढे त्याने अर्थशास्त्रात जे काम केलं ते मला याच सवयीचा विस्तार वाटतं: समोर जे मांडलंय ते तपासायचं आणि जे मांडलेलं नाही ते शोधून आणायचं.

त्याचा जन्म १८०१ चा, बायोन या अटलांटिक किनाऱ्याजवळच्या बंदराच्या शहरातला. घराणं व्यापाऱ्यांचं, स्पेनशी देवघेव करणारं. सात वर्षांचा असताना आई गेली आणि नऊ वर्षांचा होतो न होतो तोच वडील. आजोबा आणि आत्या जुस्तीन यांनी त्याला वाढवलं. सोरेझच्या शाळेत व्हिक्टर काल्मेत हा त्याचा जिवलग मित्र होता. दोघांनी मिळून लिहिलेल्या कवितेला सुवर्णपदक मिळालं. पदक एक आणि धनी दोघे. बास्तियाने ते मित्राला देऊन टाकलं. तुला आईवडील आहेत, ते पदक पाहायला कुणीतरी आहे, म्हणून ते तुझंच, असं तो म्हणाला. त्याच्यावर बोलताना मी हा प्रसंग हमखास सांगतो, कारण बाजारावर आणि व्यापारावर इतकं लिहिणाऱ्या माणसाला मनाने कोरडा ठरवण्याची आपल्याला घाई असते.

शाळा संपल्यावर तो बायोनला काकांच्या पेढीवर लागला. व्यापारी नियमांनी एखाद्या गावाचं काय होतं हे त्याने तिथे पाहिलं. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांनी आणि नाकेबंदीने किनाऱ्यावरचा व्यापार मोडून पडला होता आणि युद्ध संपल्यावरही करांच्या भिंती हटल्या नव्हत्या. १८२५ मध्ये आजोबा वारले आणि म्युग्रोंजवळची सेंग्रेस ही शेतीवाडी त्याच्याकडे आली. तिथली जमीन अर्धेलीने कसली जाई. त्याने सुधारलेल्या शेतीचे प्रयोग करून पाहिले, पण कसणाऱ्यांना जुनी वाट सोडवेना आणि प्रयोग फारसे फळले नाहीत. मग पुस्तकं उरली. फेलिक्स कुद्रुआ नावाचा विद्वान शेजारी त्याला लाभला होता. दोघं मिळून वाचायचे, फिरायला जायचे, वाचलेल्यावर भांडायचे. हे जवळपास वीस वर्षं चाललं. दरम्यान बास्तिया गावचा न्यायाधीश झाला, लांद जिल्ह्याच्या परिषदेवर निवडून गेला. पॅरिसमध्ये त्याला कुणी ओळखत नव्हतं.

त्याच्या परिसराची अडचण समजून घेतली की त्याचं अर्थशास्त्र लवकर कळतं. म्युग्रोंच्या आसपास द्राक्षमळे होते आणि तिथली वाइन अदूर नदीतून बायोनकडे आणि पुढे परदेशी जाई. फ्रान्सने परदेशी लोखंडावर आणि कापडावर जबर कर बसवले होते, काही माल तर सरळ बंदच केला होता. त्यामुळे बाहेरच्यांना आपला माल फ्रान्समध्ये विकता येईना, आणि ज्याला आपण काही विकू देत नाही तो आपल्याकडून तरी काय विकत घेणार? शिवाय ते देशही फ्रेंच वाइनवर कर बसवत. उत्तरेतला लोखंडाचा कारखानदार सुरक्षित झाला आणि दक्षिणेतल्या द्राक्षबागायतदाराचं गिऱ्हाईक तुटलं. कारखान्याची चिमणी सगळ्यांना दिसत होती. बागायतदाराचं नुकसान मात्र त्या कायद्याच्या नावावर कुठेच मांडलं जात नव्हतं. १८४३ मध्ये त्याने या वाइनच्या प्रश्नावर एक टिपणच लिहिलं.

कायदे कोण करत होतं हेही पाहायला हवं. तेव्हाच्या फ्रान्समध्ये वर्षाला किमान २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरणाऱ्या पुरुषांनाच मत होतं. साडेतीन कोटींच्या देशात मतदार जेमतेम अडीच लाखांच्या आत. संसदेत बसलेले मोठे जमीनदार आणि कारखानदार आपल्याच धान्याला आणि लोखंडाला आयातकराचं संरक्षण देत होते. आणि ते म्हणत होते की हे सगळं आम्ही ‘राष्ट्रीय श्रमा’साठी करतोय.

१८४४ मध्ये फ्रेंच आणि इंग्रज करांची तुलना करणारा एक लेख बास्तियाने पॅरिसच्या ‘जुर्नाल देझ एकॉनोमिस्त’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकाकडे पाठवला. अनोळखी नावाचा, दूरच्या गावातून आलेला तो लेख छापून आला आणि वाचक चकित झाले. पुढच्याच वर्षी कॉब्डेनच्या चळवळीवरचं त्याचं पुस्तक निघालं. तो इंग्लंडला जाऊन कॉब्डेनला भेटला आणि दोघांची आयुष्यभराची मैत्री जमली. १८४६ मध्ये ब्रिटनने धान्यकायदे रद्द केले. त्याच वर्षी बास्तियाने बोर्दोमध्ये आणि मग पॅरिसमध्ये मुक्त व्यापाराची संघटना उभी केली आणि तिच्या साप्ताहिकाचं संपादन अंगावर घेतलं. वीस वर्षं वाचत बसलेल्या या माणसाला लिहायला मिळाली फक्त सहा वर्षं.

त्याच्या लिखाणातला सर्वांत प्रसिद्ध तुकडा म्हणजे मेणबत्तीवाल्यांचा अर्ज. मेणबत्त्या, दिवे, कंदील, तेल, चरबी या धंद्यांतले लोक संसदेला अर्ज करतात, अशी कल्पना आहे. एक परदेशी स्पर्धक इतक्या स्वस्तात प्रकाश विकतोय की तो उगवला की आमचं गिऱ्हाईक संपतं. हा स्पर्धक म्हणजे सूर्य. म्हणून संसदेने कायदा करून सगळ्या खिडक्या, झरोके, पडदे, फटी बंद करायला लावाव्यात. मग फायद्यांची यादी येते. चरबी जास्त लागली की गुरं-मेंढ्या वाढतील, म्हणजे मांस, लोकर, कातडं, शेणखत वाढेल. तेल लागलं की गळिताची पिकं वाढतील. ओसाड माळांवर राळ देणारी झाडं उभी राहतील. व्हेल माशांच्या शिकारीला जहाजं निघतील. पॅरिसमध्ये झुंबरांचा धंदा भरभराटीला येईल.

या अर्जातलं एकही वाक्य बास्तियाने हवेतून आणलेलं नाही. संसदेत लोखंड, कापड, धान्य यांच्या बाजूने जे युक्तिवाद रोज होत होते तेच त्याने उचलले आणि फक्त वस्तू बदलली. त्यात एक संत्र्याचाही दाखला आहे. पोर्तुगालचं संत्रं पॅरिसच्या संत्र्यापेक्षा निम्म्या किमतीला पडतं, कारण तिथे निम्मं काम ऊन फुकट करून देतं. निम्मं फुकट मिळतं म्हणून तुम्ही संत्र्याला सीमेवर अडवता, तर मग पूर्ण फुकट मिळणाऱ्या उन्हाला आत का सोडता? या प्रश्नाला संरक्षणवाद्यांकडे सरळ उत्तर नव्हतं. निसर्गाने किंवा दुसऱ्या देशाच्या कौशल्याने एखादी गोष्ट स्वस्त मिळाली तर तो आपल्यावरचा हल्ला नसतो, ती आपल्याला मिळालेली भेट असते, हे त्याला लोकांच्या गळी उतरवायचं होतं.

असाच दुसरा एक तुकडा खऱ्या बातमीवरून सुचलेला. पॅरिसहून स्पेनच्या सीमेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गात बोर्दोला मुद्दाम खंड ठेवावा, म्हणजे तिथे माल उतरवला-चढवला जाऊन हमालांना, नावाड्यांना, अडत्यांना काम मिळेल, अशी सूचना पुढे आली होती. बास्तिया म्हणतो, बोर्दोला फायदा होतो तर आंगुलेम, प्वातिये, तूर, ऑर्लेआं यांनी काय पाप केलंय? सगळीकडे खंड ठेवा. शेवटी जी उभी राहील ती नुसत्या खंडांची रेल्वे असेल. तिला त्याने नाव दिलं ‘ऋण रेल्वे’.

मला स्वतःला त्याचा सर्वांत ताकदवान वाटणारा दाखला मात्र यांपैकी नाही. तो १८५० च्या ‘जे दिसतं आणि जे दिसत नाही’ या पुस्तिकेतला आहे. प्रोइबाँ नावाचा एक लोखंडाचा कारखानदार आहे. नावातच ‘बंदी घालणारा’ असा अर्थ. त्याचं लोखंड १५ फ्रँकला पडतं आणि बेल्जियमचं १० फ्रँकला. खिळे करणारा जाक बोनोम, म्हणजे फ्रान्समधला साधा माणूस, आपल्या ‘गणपतराव’सारखा, अर्थातच बेल्जियमचं लोखंड घेतो. प्रोइबाँ चिडतो. आधी त्याच्या मनात येतं की बंदूक, पिस्तुलं आणि तलवार घेऊन स्वतःच सीमेवर उभं राहावं आणि बेल्जियमचं लोखंड आणायला निघालेल्या लोहाराला तिथेच आडवा करावा. मग तो हिशोब करतो. लोहारही उलटून मारेल. सीमा लांब आहे, नोकर ठेवावे लागतील, आणि ते परवडणार नाही. हताश होऊन घरी बसणार तेवढ्यात त्याला आठवतं की पॅरिसमध्ये कायद्यांचा एक मोठा कारखाना आहे. तिथून एक छोटासा कायदा करून घेतला की बंदूकवाले सरकार पुरवेल, आणि त्यांचा पगारही त्याच खिळेवाल्यांच्या करातून निघेल.

कायदा होतो. आता जाक बोनोम लोखंडाला १५ फ्रँक मोजतो. प्रोइबाँ सांगतो, बघा, माझ्या कारखान्यात ५ फ्रँक जास्त आले, त्यातून मजुरी वाढली, मजुराने भाकरी घेतली, शिंप्याकडे कपडे शिवले, एका दगडात किती पक्षी! हे सगळं खरं आहे, बास्तिया ते नाकारत नाही. तो फक्त विचारतो, ते ५ फ्रँक कायद्याआधी कुठे होते? ते जाक बोनोमच्या खिशात होते. १० फ्रँकला लोखंड घेऊन उरलेल्या ५ फ्रँकचं त्याने एखादं पुस्तक घेतलं असतं. मग पुस्तकविक्रेत्याने भाकरी घेतली असती, शिंप्याकडे कपडे शिवले असते. प्रोइबाँच्या हाताखाली जे काम वाढलं तेवढंच काम पुस्तकवाल्याकडे घटलं. इथपर्यंत हिशोब बरोबरीत सुटतो. पण आधी जाककडे लोखंड आणि पुस्तक दोन्ही आलं असतं, आता नुसतं लोखंड आलं. एक पुस्तक जगातून नाहीसं झालं. ते कुणाला मिळालं नाही, कुणाच्या वहीत जमा झालं नाही.

हा हिशोब नीट कळला की फुटक्या काचेची गोष्ट सांगायला फार वेळ लागत नाही. जाक बोनोमच्या पोराने खिडकीची काच फोडली. काच बसवायला ६ फ्रँक पडले. जमलेले लोक समजूत घालतात की काचा फुटल्याच नाहीत तर काच बसवणाऱ्यांनी खायचं काय? या गोष्टीत दोन माणसं दिसतात, घरमालक आणि काचवाला. तिसरा जो जोडे शिवणारा आहे तो दिसत नाही, कारण त्याला मिळणारे ६ फ्रँक त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. न झालेल्या विक्रीचा फोटो निघत नाही, तिचं उद्घाटन होत नाही, तिच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. म्हणून चांगला अर्थशास्त्रज्ञ आणि वाईट अर्थशास्त्रज्ञ यांत बास्तिया एकच फरक करतो. वाईट अर्थशास्त्रज्ञ दिसणाऱ्या परिणामापाशी थांबतो. चांगला अर्थशास्त्रज्ञ जे आधीच ओळखायला हवं तेही मोजतो.

ही पुस्तिका त्याने आजारपणात लिहिली. मूळ हस्तलिखित घर बदलताना हरवलं. पुन्हा लिहायला बसला, तर ते त्याला फार जड वाटलं म्हणून विस्तवात टाकलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. आपण आज वाचतो ते हे तिसरं रूप. शेतकऱ्याला, दुकानदाराला एका बैठकीत कळेल असं लिहिण्यासाठी मरणाच्या दारात असलेला माणूस इतकी मेहनत घेतो, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आता थोडं मागे जायला हवं. फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली, राजा पळाला, प्रजासत्ताक आलं आणि सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं. बास्तिया लांदमधून राष्ट्रीय सभेवर निवडून गेला आणि अर्थ समितीचा उपाध्यक्ष झाला. पॅरिसमध्ये बेकारांसाठी ‘राष्ट्रीय कार्यशाळा’ उघडल्या होत्या. त्यांचा बोजा वाढत गेला, जूनमध्ये त्या बंद करायचं ठरलं आणि मजुरांनी बंड केलं. रस्त्यांवर रक्त सांडलं. कार्यशाळांच्या कल्पनेला बास्तियाचा विरोध होता. पण त्या कल्पनेशी ज्याचं नाव जोडलं गेलं त्या समाजवादी नेत्यावर, लुई ब्लांवर, खटला भरण्याचा ठराव आला तेव्हा बास्तियाने विरोधात मत दिलं. १८४९ मध्ये कामगारांच्या संघटनांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध तो सभेत बोलला. मालकाला कामावर न ठेवण्याचं स्वातंत्र्य आहे तर कामगारांना एकत्र येऊन काम नाकारण्याचंही आहे, ही त्याची भूमिका होती. मिठावरचा कर कमी करा, टपाल स्वस्त करा, सैन्य घटवा, फाशी बंद करा, अल्जेरिया जिंकून तिथे वसाहत करू नका, ही त्याची बाकीची मतं. तो डावा की उजवा हे ठरवायला त्या काळातही लोकांना अवघड गेलं. बसायचा डावीकडे, मत द्यायचा मुद्दा पाहून.

घशाच्या दुखण्याने त्याचा आवाज बसत चालला होता, सभागृहात बोलणं जमेना. म्हणून तो पुस्तिका लिहीत सुटला. ‘राज्य’ या १८४८ च्या पुस्तिकेत तो म्हणतो की राज्य म्हणजे नेमकं काय, याची चांगली व्याख्या करणाऱ्याला पाचशे नव्हे, दहा लाख फ्रँकचं बक्षीस ठेवायला हवं. लोक राज्याकडे सगळं मागतात: नोकऱ्या द्या, रस्ते द्या, कर्ज द्या, आणि कर मात्र कमी करा. राज्याला दोन हात असतात, एक घेणारा आणि एक देणारा, आणि दुसऱ्या हाताला काम हवं तर पहिल्याला आधी राबावं लागतं. मग तो स्वतःच व्याख्या देतो: प्रत्येकाने बाकी सगळ्यांच्या जिवावर जगण्याची जी थोर कल्पित कथा रचली आहे, तिचं नाव राज्य.

१८५० च्या ‘कायदा’ या पुस्तिकेत हाच विचार न्यायाच्या अंगाने येतो. प्रत्येक माणसाला आपला जीव, आपलं स्वातंत्र्य आणि आपली मिळकत राखण्याचा हक्क आहे. सगळ्यांनी मिळून तो हक्क राखायचा म्हणजे कायदा. मग कायदाच एकाचं काढून दुसऱ्याला देऊ लागला तर? त्याला तो ‘कायदेशीर लूट’ म्हणतो आणि ती ओळखायची कसोटी सांगतो: जी गोष्ट एखाद्या नागरिकाने स्वतः केली तर गुन्हा ठरेल, ती त्याच्या फायद्यासाठी कायदा करतोय का ते बघा. सीमेवर बंदूक घेऊन उभा राहणारा प्रोइबाँ इथे पुन्हा डोळ्यांसमोर येतो. याच पुस्तिकेत बास्तियाने लिहिलं की अमेरिकेत कायदा बहुतेक आपल्या मर्यादेत आहे, पण गुलामगिरी आणि आयातकर हे दोन अपवाद आहेत आणि त्यांच्यापायी तो देश संकटात सापडू शकतो. अकरा वर्षांनी तिथे यादवी युद्ध पेटलं.

इथे मी थांबून सांगतो की ही कसोटी मला जितकी धारदार वाटते तितकीच ती पुरेशी वाटत नाही. बास्तिया तिच्या जोरावर सरकारी शिक्षणालाही लुटीच्या यादीत बसवतो. ज्या समाजात पिढ्यान्पिढ्या काही जातींना शाळेच्या उंबरठ्यावरच अडवलं गेलं, तिथल्या माणसाला हे मान्य होणं कठीण आहे. आधीच झालेल्या लुटीची भरपाई कशी करायची, याचं उत्तर त्याच्या छोट्या पुस्तिकेत मिळत नाही.

त्याच्यावर टीका करणारेही तसेच तोलाचे होते. मार्क्सने त्याला उथळ ठरवलं. विसाव्या शतकातल्या शुम्पेटर या अर्थशास्त्रज्ञाने त्याच्या लेखणीचं भरभरून कौतुक केलं, पण सिद्धान्तकार म्हणून त्याला मोजायलाच नकार दिला. मंदीत सरकारने खर्च वाढवावा असं सांगणाऱ्या केन्स या अर्थशास्त्रज्ञाच्या अनुयायांनी वेगळा मुद्दा काढला: मंदीत काचवाला रिकामाच बसलाय आणि घरमालक पैसे खर्च न करता दाबून ठेवतोय, अशा वेळी जोडेवाल्याचं काम खरंच बुडतं का? हा प्रश्न खरा आहे. तरी फुटलेली काच फुटलेलीच राहते, आणि खर्चच करायचा तर काच फोडण्यापेक्षा बरा मार्ग शोधता येतो, एवढं बास्तियाचं म्हणणं त्यातूनही शाबूत राहतं.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आक्षेप पुण्यातून आला. १८९२ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी डेक्कन कॉलेजमध्ये भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडमध्ये घडलेले अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना, सगळ्या काळांत जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, भारताच्या उद्योगांना राज्याच्या मदतीची गरज आहे, असं त्यांनी मांडलं. रानड्यांसमोर बास्तियाचा फ्रान्स नव्हता. त्यांच्यासमोर परक्यांच्या राज्यात बुडालेले कारागीर होते. त्यांचं म्हणणं मी खोडू शकत नाही. पण त्या राज्यात ‘मुक्त व्यापारा’च्या नावाखाली काय चाललं होतं तेही पाहावं. १८९६ मध्ये सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयातकर ठेवला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांची तक्रार नको म्हणून भारतातल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला. मुंबईच्या गिरण्यांनी तो १९२५ पर्यंत भरला. मँचेस्टरच्या प्रोइबाँसाठी लंडनच्या कायद्यांच्या कारखान्यातून निघालेला हा कर होता. वसाहतींना विरोध करणारा बास्तिया या कराच्या बाजूने उभा राहिला असता, असं मला त्याची सगळी पुस्तकं चाळूनही वाटत नाही.

आणि कांदा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. शहरातल्या भाजीवाल्याकडचा भाव सगळ्यांना दिसत होता, वाहिन्यांवर रोज दाखवला जात होता. नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, रस्ते अडवले, म्हणून तेही काही दिवस दिसले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही किमान निर्यात दराची आणि ४० टक्के निर्यात कराची अट घालून. बास्तियाच्या पद्धतीने यात आणखी कोण आहे ते शोधायला लागलं की यादी वाढत जाते: कांद्याच्या पैशावर ज्याची बोअरवेल अडली होती तो, खेड्यातला कापडवाला, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, आणि इथला कांदा वेळेवर आला नाही म्हणून दुसऱ्या देशाकडे वळलेला, कदाचित परत न येणारा परदेशी गिऱ्हाईक. ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा हे मलाही हवं आहे. पण त्याची किंमत सगळ्या समाजाने करातून उघडपणे भरली तर ती अंदाजपत्रकात दिसेल. निर्यात अडवून भरलेली किंमत एकट्या उत्पादकाच्या घरातून जाते आणि कुठेच लिहिली जात नाही.

बास्तियाची भिस्त कायम ग्राहकावर होती, म्हणून हा मुद्दा त्याच्या विरुद्ध जातो असं कुणाला वाटेल. पण त्याचा ग्राहक म्हणजे एखादा गट नव्हे. उत्पादक म्हणून माणसं वेगवेगळी असतात. कुणी लोखंडवाला, कुणी वाइनवाला, आणि प्रत्येकाला आपल्या वस्तूची टंचाई फायद्याची. ग्राहक म्हणून मात्र सगळे एक असतात, आणि सगळ्यांना विपुलता हवी असते. शेतकरीसुद्धा लोखंडाचा, कापडाचा, खतांचा ग्राहकच. म्हणून एखाद्या धोरणाची पारख करताना उत्पादकाच्या ठिकाणी उभं न राहता ग्राहकाच्या ठिकाणी उभं राहा, म्हणजे सगळ्या समाजाचं हित दिसेल, असं तो म्हणे. आणि दुसऱ्याचा माल कमी भावात काढून घेण्याची मुभा त्याने ग्राहकालाही दिलेली नाही, कारण ती त्याच्याच कसोटीवर लूट ठरते.

१८५० च्या आरंभी ‘आर्थिक सुसंवाद’ हा त्याचा मोठा ग्रंथ अर्धाच प्रसिद्ध झाला. स्वतंत्र माणसांची हितं मुळात एकमेकांशी भांडत नाहीत, ती एकमेकांना पूरक ठरतात, हे त्याला त्यात सांगायचं होतं. दुसरा भाग पुरा करायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी हवापालटासाठी इटलीला पाठवलं, आधी पिसाला, मग रोमला. पॅरिसहून त्याचा मित्र प्रॉस्पेर पैयोते त्याच्या उशाशी येऊन बसला आणि त्या दिवसांची टिपणं ठेवू लागला. आवाज जवळपास गेलेला, अन्न गिळता येत नाही, अशा अवस्थेत बास्तिया त्याला उरलेल्या प्रकरणांबद्दल सांगत होता. अर्थशास्त्र ग्राहकाच्या बाजूने मांडलं पाहिजे, हे त्याने तेव्हाही पुन्हा सांगितलं. २४ डिसेंबर १८५० रोजी तो गेला. वय ४९. रोममधल्या फ्रेंचांच्या सान लुइजी चर्चमध्ये त्याला पुरलं. पैयोतेने त्याचे कागद पॅरिसला नेले आणि पुढच्या वर्षी ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती काढली. तिच्यातली काही प्रकरणं नुसत्या टिपणांवर संपतात.